पुस्तक आधी घरात येऊ द्या: सीमाभागातल्या वाचकांसाठी

वाचन का होत नाही असं विचारलं की दहातले नऊ जण म्हणतात, वेळ नाही. वेळेचा हिशोब पुढे केलाच आहे, आणि तो वाटतो तितका अवघड निघत नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात खरी अडचण बहुतेक वेळा त्याच्याही आधीची असते. अर्धा तास मोकळा मिळतो तेव्हा वाचावंसं वाटेल असं मराठी पुस्तक घरात नसतं. असलंच तर ते कुणीतरी सत्कारात दिलेलं, ट्रंकेतलं किंवा माळ्यावरचं. म्हणून सुरुवात पुरवठ्यापासून करायची. 'रोज वाचायचं' हा निश्चय त्यानंतर.

पुस्तक येणार कुठून

बेळगाव शहरात किंवा जवळपास असाल तर पहिला मार्ग वाचनालयाचा. शहरातलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, आणि जुन्या मराठी पुस्तकांसाठी अशा संस्थांसारखी दुसरी जागा नाही. सभासद व्हायला जाताना आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि अनामत रक्कम भरण्यापुरते पैसे जवळ ठेवा. काउंटरवर चार गोष्टी विचारून घ्या: एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांसाठी, उशीर झाला तर दंड किती, आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी. चौथा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सभासदत्व बंद पडतं ते बहुधा तिथेच. गावाकडचा माणूस ज्या वारी शहरात येतो त्याच वारी वाचनालय बंद असेल, तर पुस्तक दोन महिने घरी पडून राहतं, दंड वाढतो, आणि मग लाजेखातर माणूस तिकडे फिरकतच नाही.

उपाय असा की पुस्तक बदलायला वेगळी फेरी ठेवायची नाही. आठवडी बाजार, बँक, दवाखाना, मुलांचा क्लास यांपैकी जी फेरी ठरलेलीच आहे तिला पुस्तक जोडा. आदल्या रात्रीच ते बाजाराच्या पिशवीत टाका. नियमात बसत असेल तर एक जाड आणि एक बारीक अशी दोन पुस्तकं आणा. जाड पुस्तक अडलं की बारीक हाताशी असतं. कपाटापुढे उभं राहून निवडणं वेळखाऊ असतं, म्हणून आठ-दहा नावांची यादी खिशात असू द्या. तीही जमली नसेल तर नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा चाळा. जे लोक खरोखर वाचतात ते तिथे दिसतं.

गावात असाल तर ग्रामपंचायतीचं ग्रंथालय बघा. आता बऱ्याच ठिकाणी त्यावर 'अरिवु केंद्र' असा कन्नड फलक असतो, आणि फलक वाचूनच काही जण परत फिरतात. फिरू नका. पुस्तकं बहुतांश कन्नड असली तरी मराठी वस्तीच्या गावात एखादा कप्पा मराठीचा सापडतो. नसेल तर तोंडी तक्रार करून फारसं काही होत नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत अशी दहा-पंधरा पुस्तकांची लेखी यादी द्या, खाली पाच-सहा वाचकांच्या सह्या घ्या आणि एक प्रत पोच म्हणून स्वतःकडे ठेवा. 'मराठी पुस्तकं ठेवा' एवढ्या वाक्यावर कुणालाच पुढे काही करता येत नाही. यादीवर येतं.

विकत घ्यायची उत्तम वेळ म्हणजे हिवाळा. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि मांडवाशेजारी पुस्तकांचे स्टॉल लागतात. स्टॉलवर पुस्तक हातात घेऊन मधलं कुठलंही एक पान उभ्या उभ्या वाचा. पहिलं पान नको, ते सगळ्यांनीच घासून लिहिलेलं असतं. मधल्या पानावर तीनपेक्षा जास्त वेळा अडखळलात तर ते पुस्तक यंदा ठेवून द्या.

पुणे-कोल्हापूरच्या नातेवाइकांकडून पुस्तकं मागवायची असतील तर टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा मे २०२५ पासून सुरू आहे. छापील शैक्षणिक आणि सामाजिक-सांस्कृतिक पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असा तिचा दर सुरुवातीला ठरला. पार्सल जमिनीवरच्या वाहतुकीने येतं, त्यामुळे घाई असेल तर ती कामाची नाही. दोनशे पानांचं पुस्तक साधारण पाव किलो भरतं. एकेक मागवण्यापेक्षा पाच-सहा एकत्र मागवलेली स्वस्त पडतात.

फुकटातलं म्हणाल तर मराठी विकिस्रोत आणि ई-साहित्य प्रतिष्ठान ही दोन ठिकाणं मोबाईलवर उघडतात. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, म्हणून जुन्या पिढीतलं बरंच काही कायदेशीरपणे मिळतं. अडचण एकच, स्कॅन केलेली पानं लहान स्क्रीनवर वाचवत नाहीत. फोन आडवा धरा, पानाच्या कडेची पांढरी जागा बाहेर जाईल इतकं मोठं करा आणि पान अर्धं-अर्धं वाचा. अक्षराचा आकार बदलता येतो अशी प्रत मिळत असेल तर स्कॅनच्या वाटेला जाऊच नका.

पहिलं पुस्तक कोणतं

बरीच वर्षं न वाचलेला माणूस सुरुवात करतो ती सहाशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीने, कारण तिचं नाव सगळ्यांनी घेतलेलं असतं. ऐंशीव्या पानावर ती उशाशी जाते आणि तिथेच राहते. पहिलं पुस्तक १०० ते १५० पानांचं, सुटी प्रकरणं किंवा कथा असलेलं घ्या. दिवाळी अंकही चालतो. १९०९ पासूनची ही परंपरा आहे, मजकूर दहा-बारा पानांत संपतो, आवडला नाही तर पुढचा. काही वाचनालयं दिवाळीनंतर अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात. घरटी ते परवडतं.

आपल्या भागाची भाषा असलेलं पुस्तक पहिल्या खेपेला जास्त सोपं जातं. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारे महादेव मोरे यांच्या कथांतली माणसं तंबाखूच्या वखारीतली, गॅरेजमधली, रस्त्यावरची आहेत, आणि त्यांचं बोलणं आपल्या कानाला परकं वाटत नाही. इंदिरा संत बेळगावच्या, त्यांची कविता दिवसाला एक वाचली तरी चालते. धारवाडला राहून लिहिणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी आपलेच, पण पहिल्या पायरीवर त्यांना घेऊ नका. त्यांचं वाक्य सावकाश वाचायचं असतं आणि सवय मोडलेल्या डोळ्यांना तेवढा धीर नसतो. सहा महिन्यांनी घ्या.

पुस्तक सोडायचं कधी, हेही आधी ठरवून ठेवा. तीस पानं वाचूनही पुढे काय होतं याची उत्सुकता वाटत नसेल तर ते बंद करा आणि परत द्या. 'घेतलंय तर संपवलंच पाहिजे' या हट्टापायी माणूस पुस्तक संपवत नाही आणि दुसरंही उघडत नाही. रटाळ पुस्तकाने वाचन थांबतं, आणि दोष मात्र आपण स्वतःच्या आळसाला देतो.

दिवसाची वाटणी

आपल्या गावांतून सप्ताह होतात. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, ९ हजारांवर ओव्या, आणि पारायण सात दिवसांत पुरं होतं. दिवसभर शेतात राबणारी माणसंही त्याला बसतात. हे जमतं कारण कोणत्या दिवशी कुठपर्यंत वाचायचं हे बसण्याआधीच ठरलेलं असतं. हीच रीत इतर पुस्तकांना लावायची.

आधी स्वतःचा वेग मोजा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकरणात दहा मिनिटांचा गजर लावून नेहमीच्या गतीने वाचा आणि पानं मोजा. नेहमीच्या आकाराच्या मराठी पुस्तकात एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द असतात. सराव असलेला वाचक ते दोन मिनिटांत वाचतो, सवय मोडलेला तीन ते चार. दहा मिनिटांत चार पानं झाली तर वीस मिनिटांत आठ. २४० पानांचं पुस्तक तीस बैठकांत संपतं. आता पेन्सिलीने दर आठव्या पानाच्या कोपऱ्यात बारीक ठिपका द्या (वाचनालयाच्या पुस्तकात नको, तिथे कागदी पट्ट्या ठेवा). रोज एका ठिपक्यापर्यंत जायचं. आठवड्यातला एक दिवस मोकळा सोडा, पाहुणे आणि लग्नकार्य त्यात जिरतात. दोन दिवस बुडाले तर तिसऱ्या दिवशी चोवीस पानं वाचायला बसू नका. वाटणी पुढे ढकला. थकबाकी फेडायच्या नादात बरेच जण चौथ्या दिवशी पुस्तकच सोडतात.

वीस मिनिटं सलग मिळाली पाहिजेत असंही नाही. नळाला पाणी येणार म्हणून ताटकळणं, गिरणीत दळण होईस्तोवर थांबणं, दवाखान्यातली रांग, क्लासबाहेर मुलाची वाट पाहणं, हे वेळ आठवड्यात कितीतरी वेळा येतात आणि सगळे फोनमध्ये जातात. तेव्हा पुस्तक हाताशी हवं, म्हणून एक पुस्तक पिशवीत आणि एक घरात अशी विभागणी ठेवा. पिशवीतलं हलकं आणि सुट्या लेखांचं असावं, कारण मध्येच तोडावं लागतं.

प्रवासात वाचणाऱ्यांनी रस्ता बघून ठरवावं. खानापूरहून बेळगावला रेल्वेने येत असाल तर वाचन चांगलं होतं. निपाणी, संकेश्वरकडून महामार्गाने येणाऱ्या बसमध्येही जमतं, फक्त पुढच्या चाकाजवळची जागा धरा, मागच्या बाकावर धक्के जास्त. चोर्ला घाटात किंवा जांबोटीच्या वळणांवर पुस्तक उघडलं की मळमळ ठरलेली. तिथे बोलतं पुस्तक ऐका. मोटरसायकलवर मात्र कानात काही घालायचं नाही.

शेतीच्या दिवसांचा विचार वेगळा करावा लागतो. भाताची लावण आणि सुगी यांत संध्याकाळी पुस्तक उघडलं की दोन ओळींत डोळा लागतो. त्या महिन्यात वाटणी निम्मी करा किंवा सरळ बंद ठेवा, पण पुन्हा कोणत्या दिवशी सुरू करायचं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. रात्री अंथरुणात वाचण्यावर एरवीही भिस्त ठेवू नका. सकाळचा चहा झाल्यावरची पंधरा मिनिटं रात्रीच्या पाऊण तासाला भारी पडतात.

घरात वेगळी खोली नाही, संध्याकाळी सातपासून दहापर्यंत टीव्हीवर मालिका चालू, ही गल्लीतल्या घरांची खरी अडचण आहे. टीव्ही बंद करा म्हणून भांडण काढण्यात अर्थ नाही. टीव्हीकडे पाठ करून, शक्य तर दाराजवळ बसा, कारण आवाजापेक्षा हलतं चित्र जास्त लक्ष खेचतं. स्वयंपाकाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या बायकांना मात्र हा सल्ला कोरडाच वाटेल. त्यांना वीस मिनिटं हवी असतील तर ती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी काम उचलूनच मिळतात, पुस्तकात खूण घालून मिळत नाहीत.

मराठी बोलता येतं, वाचताना अडतं

या भागातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी अडचण. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली कितीतरी मराठी माणसं घरात अस्खलित बोलतात, पण मराठी पान दिसलं की वेग निम्म्यावर येतो. आपल्याला वाचनाची आवडच नाही अशी समजूत मग ती करून घेतात. हा आवडीचा प्रश्न नसून सरावाचा आहे, आणि नेमकं कुठे अडतं ते सांगता येतं.

कन्नडमध्ये अक्षरातला 'अ' पुरा उच्चारला जातो. मराठीत 'घर'मधल्या शेवटच्या र चा आणि 'करतो'मधल्या र चा 'अ' आपण गिळतो. कन्नड शाळेत तयार झालेला डोळा एकेक अक्षर सुटं वाचतो, शब्द ओळखीचा असूनही कानाला लागत नाही, म्हणून तो दोनदा वाचावा लागतो. दुसरा अडसर जोडाक्षरांचा. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन खाली लटकतं. देवनागरीत बहुधा पहिलं अर्धं होऊन आधी येतं: म्ह, ल्य, स्थ, त्व. क्ष, ज्ञ, श्र, त्र, द्य, द्ध, ह्म यांचे तर आकारच बदलतात. र चार रूपांत भेटतो: 'अर्क'मधला वरचा, 'चक्र'मधला तिरपा, 'ट्रक'मधला खालचा, आणि 'दुसऱ्या'मधला. ही सगळी रूपं एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तोच कागद पुस्तकात खूण म्हणून ठेवा. इंग्रजी माध्यमवाल्यांनी त्याच कार्डावर १ ते ९ हे आकडेही लिहावेत. मराठी १ आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत पान नंबर शोधताना हमखास होते.

क्रम असा ठेवा. पहिले दोन आठवडे मोठ्या टाइपातलं, १६ ते २४ पानांचं मुलांचं पुस्तक, रोज दहा मिनिटं, मोठ्याने. मोठ्याने यासाठी की कान मराठीत तयारच आहे. शब्द कानावर पडला की 'अ' कुठे गिळायचा ते आपोआप कळतं. घरात कुणी नीट वाचणारं असेल तर आधी त्यांनी पान वाचावं, तुम्ही ओळीवर बोट फिरवावं, मग तेच पान तुम्ही वाचावं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्राचं स्थानिक पान घ्या, कारण गावांची नावं आणि विषय ओळखीचे असतात, अर्धा शब्द दिसला तरी उरलेला कळतो. पाचव्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत चार-सहा पानांच्या कथा किंवा लेख, आता मनात वाचायचे. त्यानंतर शंभर पानांचं पुस्तक. मोठ्या माणसाला मुलांचं पुस्तक घेऊन बसायची लाज वाटते. घरातल्या किंवा शेजारच्या लहान मुलाला वाचून दाखवायला बसा, दोघांचंही काम होतं.

ज्यांचं कन्नड वाचन पक्कं आहे त्यांना आणखी एक वाट आहे. एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणल्या आहेत. एखादं प्रकरण आधी कन्नडमध्ये वाचायचं, मग तेच मराठीत. कथा माहीत असल्याने सगळं लक्ष लिपीकडे देता येतं. या कादंबऱ्या जाड आहेत, तेव्हा तीन-चार प्रकरणांपुरताच हा सराव करा. पुढे ओढ लागली तर भाग वेगळा.

उजेड, डोळे, फोन

हे थोडक्यात. छताच्या एका बल्बवर पान वाचवत नसेल तर बल्ब बदलण्यापेक्षा उजेड जवळ आणा. नऊ वॅटचा एलईडी पानापासून दोन-अडीच फुटांवर, खांद्यामागून येईल असा असावा. लाईट सारखी जात असेल तर चार्जिंगचा इन्व्हर्टर बल्ब वाचायच्या जागीच लावा. चाळिशी ओलांडल्यावर पुस्तक लांब धरावं लागत असेल किंवा वाचताना कपाळ दुखत असेल, तर नंबर तपासून घ्या. रस्त्यावरचा तयार चष्मा दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतो, आपले दोन्ही डोळे सारखे असतीलच असं नाही. फोन वाचनाच्या वेळी दुसऱ्या खोलीत, आवाज चालू ठेवून. जवळ पालथा ठेवलेला फोनही हात ओढतो.

पावसाळ्यात पुस्तकं

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात. बुरशीच्या वासाचं पुस्तक कुणी उघडत नाही, त्यामुळे हाही वाचनाचाच अडथळा. फळी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं पुढे असावी. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका. पुस्तकं घट्ट कोंबू नका, हवा खेळली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेलं पुस्तक आत ओल धरतं. पेटीत ठेवायचंच असेल तर उन्हाळ्यात पूर्ण सुकवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. वेखंड, कडुनिंबाचा वाळलेला पाला कसरीला थोडाफार आवर घालतो. पाला ओला राहिला तर उलट बुरशी आणतो.

पुस्तक भिजलंच तर ते उघडून फडफडवू नका, पानं फाटतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा, दर पंधरा-वीस पानांत कोरा कागद घाला (वर्तमानपत्राची शाई उतरते), पंख्याखाली उभं ठेवा आणि कागद दोन-तीन तासांनी बदलत राहा. कडक उन्हात ठेवलं तर पानं वाकडी होतात. पांढरी बुरशी आधी सुकू द्या, मग घराबाहेर, तोंडाला कापड बांधून, मऊ ब्रशने झाडा. ओली असताना पुसली तर ती कागदात बसते.

पुस्तक भिशी

वाचनालय लांब आणि पुस्तकं महाग, अशा गावात ही पद्धत सर्वांत टिकाऊ. दहा जण, महिन्याला प्रत्येकी शंभर रुपये, म्हणजे हजार रुपये. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या पसंतीची तीन-चार पुस्तकं घ्यायची. त्याची वाचून झाली की ती इतरांत फिरवायची, वर्षअखेरीस ती त्याच्याच मालकीची. दहा महिन्यांत तीस-चाळीस पुस्तकं गावात येतात. ठरावीक यादी करून सगळ्यांवर लादू नका. एकाला शेतीचं, एकाला रहस्यकथा, एकीला पाककृतींचं, असं येऊ द्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात वर्गणी थांबते.

दोनशे पानी वहीत पुस्तक, कुणाकडे, दिल्याची तारीख, परतीची तारीख, असे चार रकाने पुरतात. मुदत तीन आठवडे ठेवा आणि देवघेव एकाच वारी, एकाच जागी, देवळाच्या कट्ट्यावर म्हणा किंवा एखाद्या दुकानात. घरोघरी जाऊन मागायची वेळ आली की भिशी मोडते. हरवलेल्या पुस्तकाची छापील किंमत हरवणाऱ्याने भरायची, आणि ते बाजारात मिळत नसेल तर मालक सांगेल ते दुसरं आणून द्यायचं. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्याच बैठकीत, दहाही सह्यांनिशी लिहून घ्या.